आजीची पेटी, लेकीचा पियानो

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलं आहे. त्यांची लेक चौदा वर्षांची, नववीत आहे. लहानपणी आजीच्या मांडीला मांडी लावून भजनाला पेटी वाजवायची. पाच वर्षांपूर्वी पियानो सुरू केला, यंदा परीक्षेच्या आठ पायऱ्यांपैकी पाचवी ग्रेड झाली आणि आता तिला यातच पुढं जायचं आहे. घरात ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. क्लासमध्ये सांगितलंय की आठवी ग्रेड होईपर्यंत बाहेर कुठंही वाजवायचं नाही, आणि पेटी तर पूर्ण बंद, कारण पेटीनं हात बिघडतो. आजी त्यावरून रुसली आहे. वडिलांचे प्रश्न दोन: इथं राहून पियानोवादक होता येतं का, आणि गावच्या शाळेत-देवळात वाजवण्यात मुलीचा वेळ फुकट जातो का?

मी बेळगावात सव्वीस वर्षं पियानो शिकवते आहे आणि मीही पेटीवरूनच पियानोवर आले. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. वेळ फुकट जात नाही. लोकांसमोर वाजवणं हे शिक्षण संपल्यावर करायचं काम नाही, ते शिक्षणातच येतं. हे मी माझ्याच चुकीतून शिकले आहे, ती चूक सांगते.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडं वडगावचा एक मुलगा होता. घरात माग होते, त्या खडखडाटात तो रोज दोन-दोन तास बसायचा. हात सुंदर होता. मी त्याला तीन वर्षं ओळीनं परीक्षांना बसवलं, प्रत्येक वेळी उत्तम गुण. परीक्षा म्हणजे बंद खोली, एक परीक्षक, पंधरा-वीस मिनिटं. त्या तीन वर्षांत तो पन्नास माणसांसमोर एकदाही बसला नाही, कारण मीच सांगायचे, अजून तयारी नाही. मग एका मोठ्या कार्यक्रमात त्याला वाजवायला मिळालं. पहिलं पान सुरेख झालं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर कुणाचं तरी लहान मूल रडलं, त्याची मान वळली, आणि पुढचे सूर गेले. त्यानं सुरुवातीपासून पुन्हा धरलं, पुन्हा त्याच जागी आला, पुन्हा गेले. तो उठला, नमस्कार केला आणि आत गेला. पुढं दोन महिने क्लासला आला नाही. त्याच्या आईनं मला एवढंच विचारलं, "बाई, ह्येची सवय का लावली न्हाईसा ओ त्येला?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यानंतर माझ्या क्लासचा नियम बदलला: कुठलाही तुकडा परीक्षेला किंवा मोठ्या मंचावर जाण्याआधी पाच वेगवेगळ्या ठिकाणी, पाच वेगवेगळ्या माणसांपुढं वाजलेला असला पाहिजे.

आता पेटीचं. पेटीनं हात बिघडतो यात थोडं तथ्य आहे, पण ते कुठं आहे हे नीट पाहिलं पाहिजे. पेटीत हवा चालू आहे तोवर सूर चालू राहतो. पट्टी हलकी दाबा की जोरात, सूर तेवढाच. आवाज लहान-मोठा होतो तो भात्यानं. म्हणजे पेटीवाल्याचा सूर उजव्या हातात असतो आणि आवाजाचा चढउतार डाव्या हातात. पियानोत हे सगळं दहा बोटांत येऊन बसतं. पट्टी जेमतेम दहा मिलिमीटर खाली जाते. तेवढ्या अंतरात ती किती वेगानं गेली यावर हातोडी तारेवर किती जोरानं आदळणार ते ठरतं. तार वाजायच्या किंचित आधीच हातोडी पट्टीपासून सुटते, त्यामुळं नंतर पट्टी कितीही रेटली तरी उपयोग नाही. सूर जन्मतो त्याच क्षणापासून विरायला लागतो.

पेटीवरून आलेलं मूल ओळखू येतं ते इथंच. सूर वाजून गेला तरी बोट पट्टीत रुतलेलं असतं, मनगट ताठ असतं आणि कोपरापासून सगळा जोर लागलेला असतो. डावा हात तर वर्षानुवर्षं भाता मारत आलेला, त्याची बोटं स्वतंत्र चालतच नाहीत; अनामिका आणि करंगळी एकत्र पडतात. तुमच्या लेकीला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हात ठेवायला सांगा. तळव्याखाली लहान लिंबू धरल्यासारखा हात गोल ठेवून डाव्या हाताचं फक्त चौथं बोट, म्हणजे अनामिका, उचलून टेकवायचं. बाकीची बोटं उचलली जात असतील तर अजून काम बाकी आहे. यावर औषध आहे, पण घाईचं नाही: एक महिना रोजची पहिली वीस मिनिटं फक्त डाव्या हाताची, अगदी हळू, आणि प्रत्येक सूर वाजल्याबरोबर बोटातला जोर सोडून द्यायचा, बोट मात्र पट्टीवर टेकलेलंच. उजव्या पायाचं, सूर लांबवणारं सस्टेन पेडल या काळात बंद. पेडलमागं मुलं सगळे दोष लपवतात.

पण पेटीनं दिलेलं जे आहे ते पाहा. भजनाला पेटी धरणाऱ्या मुलाचा कान गाणाऱ्याच्या श्वासावर असतो. एका सुरातून दुसऱ्या सुरात जाताना मध्ये फट पडू द्यायची नाही हे त्याच्या बोटांना आपोआप कळतं. शिक्षकाला हे दुसऱ्या मुलांत उतरवायला दोन-दोन वर्षं लागतात. ज्या बेळगावात पंडित रामभाऊ बिजापुरे यांनी पिढ्यान्‌पिढ्या पेटी शिकवली, तिथं पेटीला हात बिघडवणारं वाद्य म्हणणं मला पटत नाही. एक गोष्ट मात्र मुलीला सांगून ठेवा. गाणाऱ्या घरातल्या मुलांना पियानोचा गंधार कधीकधी चढा वाटतो, आणि त्यांचा कान खोटा नसतो. तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा पियानोचा शुद्ध गंधार, अर्ध्या स्वराचे १०० भाग धरले तर, सुमारे १४ भाग वर असतो. कुठलाही सूर सा धरला तरी सारखं वाजवता यावं म्हणून केलेली ती तडजोड आहे.

डाव्या हातासाठी मी बाख या जर्मन संगीतकाराच्या दोन-आवाजी इन्व्हेन्शन्सवर भर देते; हे छोटे तुकडे, त्यांत दोन हात दोन स्वतंत्र ओळी वाजवतात. एकूण पंधरा आहेत. १७२३ मध्ये त्यानं त्यांची स्वच्छ प्रत केली तेव्हा मुखपृष्ठावर हेतूही लिहून ठेवला: शिकणाऱ्याला दोन आवाज स्वच्छ वाजवता यावेत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाजवणं गाण्यासारखं व्हावं. डावा हात इथं साथीला नसतो, त्याचा अधिकार उजव्याइतकाच.

पहिल्या इन्व्हेन्शनची एक आठवण आहे. काही वर्षांपूर्वी गणपतीत जांबोटीच्या बाजूच्या एका गावात आमची चार मुलं घेऊन गेले होते. मंडपात डिजिटल पियानो लावला, पहिला तुकडा झाला आणि वीज गेली. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज लवकर येण्याची चिन्हं नव्हती. भजनी मंडळाच्या दोन पेट्या मंडपातच होत्या. आमच्या दहावीतल्या मुलीनं एक ओढली आणि दुसरी धाकट्या मुलापुढं सरकवली. म्हणाली, "मी वरचा आवाज घेते, तू खालचा घे." कंदिलाच्या उजेडात दोघांनी पहिलं इन्व्हेन्शन दोन पेट्यांवर वाजवलं. खालचे काही सूर पेटीत नव्हतेच, ते त्या मुलानं एक सप्तक वर घेतले. एका जागी चुकले, एकमेकांकडं बघितलं आणि पुढं गेले. संपल्यावर टाळ घेऊन बसलेले एक आजोबा म्हणाले, "एक म्हणतंय नि दुसरं मागनं तेच म्हणतंय. आमी झील धरतो तसंच हाय की ओ हे." मी पंधरा वर्षं मुलांना अनुकरण समजावत होते: एक हात ओळ म्हणतो आणि दोन मात्रांनंतर दुसरा हात तीच ओळ खालच्या सप्तकात म्हणतो. त्या आजोबांनी ते एका वाक्यात सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या क्लासमध्ये त्याला झीलच म्हणतात, आणि मुलांना डाव्या हाताची ओळ ऐकू यायला लागली.

दुसरंही एक त्या दिवशी दिसलं. चुकल्यावर थांबायचं नाही हे मी त्या मुलांना क्लासमध्ये शंभरदा सांगितलं असेल. ते त्यांना आलं त्या मंडपात.

आता इथं राहून होतं का, याचं खरं उत्तर. एकट्यानं मंचावर बसून, तिकीट लावून मैफली करून पोट भरणारे पियानोवादक भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ते स्वप्न मुलीच्या डोळ्यांतून काढू नका, पण घर चालवण्याचा हिशेब त्याच्यावर मांडू नका. पियानोवर ज्यांचं नीट चालतं त्यांची कामं तीन-चार प्रकारची असतात: शिकवणं, गायक-व्हायोलिनवादकांना साथ करणं, चर्चच्या आणि शाळांच्या गायनवृंदांबरोबर वाजवणं, ध्वनिमुद्रण. या सगळ्यांत एकच गोष्ट लागते आणि ग्रेडच्या मागं लागलेल्या मुलांत तीच नसते: समोर ठेवलेला नवा कागद बघून लगेच वाजवता येणं. उद्या सकाळी तालीम आहे, हे आठ तुकडे, असं सांगितल्यावर जो घाबरत नाही त्याला बोलावणी येत राहतात. पेटीवरून आलेली मुलं कानानं पटकन उचलतात, त्यामुळं वाचायचा कंटाळा करतात. तुमच्या लेकीनं रोज दहा मिनिटं आपल्या ग्रेडपेक्षा दोन पायऱ्या सोपं, कधी न पाहिलेलं काहीतरी वाजवावं. एकदाच. चुका दुरुस्त करायला मागं जायचं नाही. दुसऱ्या दिवशी नवं पान.

ग्रेडबद्दल माझं मत थोडं कडक आहे. परीक्षा हव्यात, त्यांनी शिस्त लागते. पण हिशेब करून बघा: प्रत्येक ग्रेडला तीन-चार तुकडे. आठवी ग्रेड पास झालेल्या मुलीला आयुष्यात पंचवीस-तीसच तुकडे येत असतील, आणि त्यातलेही मागचे विसरलेली असेल, तर ती पियानोवादक झाली असं मी म्हणणार नाही. वर्षाला बारा ते पंधरा तुकडे तरी हातातून गेले पाहिजेत, त्यातले दोन-तीन परीक्षेचे. एबीआरएसएम या लंडनच्या मंडळाची परीक्षा देत असाल तर सहावीच्या आधी पाचवीची थिअरी लागते, ती यंदाच उरकून घ्या. ट्रिनिटी या दुसऱ्या मंडळात तशी अट नाही. थिअरीची पुस्तकं इंग्रजीत असतात आणि मराठी माध्यमातली मुलं तिथं अडतात. अडतात ती भाषेला, संगीताला नाही. मी क्रेशेंडोला सरळ "आवाज वाढवत नेणं" म्हणते आणि मुलांना वहीत मराठीतच लिहायला लावते.

कॉलेजच्या वयात बाहेर शिकायला जायचं झालं तर प्रवेशाच्या वेळी साधारण काय मागतात ते आत्ताच माहीत असू द्या: बाखचं एक प्रिल्यूड आणि फ्यूग (जोडीनं वाजवायच्या दोन रचना), हायडन, मोझार्ट किंवा बेथोव्हेनचा सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना), एक एट्यूड (बोटांच्या तंत्राचा तुकडा) आणि एकोणिसाव्या शतकातला एखादा मोठा तुकडा, बहुतेक सगळं तोंडपाठ. चौदाव्या वर्षापासून त्याची पायाभरणी आरामात होते, सतराव्या वर्षी सुरू केली तर होत नाही. चेन्नईत २००८ पासून ए. आर. रहमान यांची केएम कॉन्झर्व्हेटरी ही संगीतशाळा आहे. मुंबईत एनसीपीए हे कलाकेंद्र आहे, तिथं २००६ मध्ये सुरू झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफली ऐकता येतात. पण खानापूरकरांनी आधी चोर्ल्याच्या घाटापलीकडं, गोव्याकडं बघावं. गोव्यात चर्चच्या शाळांमधून शेकडो वर्षं सुरांचं वाचन शिकवलं गेलं आहे, पणजीत कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवतात, आणि तुमच्या मुलीचं वाजवणं ऐकून खरं सांगणारा कान तिथं सापडेल. वर्षातून तीन-चार वेळा तिला तिकडं नेऊन एखाद्या जाणत्या वादकाला ऐकवा. आपल्या शिक्षकाव्यतिरिक्त दुसऱ्यानं ऐकणं फार गरजेचं असतं. मी माझ्या मुलांनाही पाठवते.

वाद्य बदलायला हवं, त्यात वाद नाही. ६१ पट्ट्या कमी पडतातच, पण खरी अडचण वजनाची आहे. कीबोर्डच्या पट्ट्या स्प्रिंगच्या असतात. त्यावर कमावलेलं बोट खऱ्या पियानोवर गेलं की थकतं. ८८ पट्ट्यांचा, हॅमर ॲक्शनचा, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या, नाव मोठं नसलं तरी चालेल. जुना अपराइट, म्हणजे उभ्या तारांचा खरा पियानो, स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. त्यात दोनशेवर तारा असतात, सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात. खुंट्या ढिल्या पडल्या असतील तर लावलेला सूर महिनाभरही टिकत नाही, आणि सूर लावणारा माणूस बहुधा गोव्याहून किंवा पुण्याहून बोलवावा लागतो. तुमच्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, सूर चढतात, पट्ट्या चिकटतात. आमच्या जुन्या अपराइटच्या खालच्या फळीआड मी मृगापासून दसऱ्यापर्यंत पंचवीस वॉटचा एक साधा बल्ब पेटता ठेवते, तारा आणि लाकडापासून अंतर राखून. आतली हवा कोरडी राहते. माझ्या बाईंनी कॅम्पातल्या घरी हेच केलेलं मी पाहिलं होतं.

आता शाळा आणि देवळं. तिथं जायचं ते कसंही नाही. मी ज्या अटी घालते त्या सांगते, कारण मुलांना व्यवहारही इथंच कळतो. दोन नाचांच्या मध्ये, पाहुण्यांचे सत्कार चालू असताना वाजवायचं नाही. आमची वेळ स्वतंत्र हवी, तीस-पस्तीस मिनिटांची. वाद्य नेण्या-आणण्याचा खर्च बोलावणाऱ्यांनी द्यायचा. चौदा वर्षांच्या मुलीनं मानधन मागू नये असं मला वाटतं, पण तिचं येणं-जाणं तिच्या वडिलांच्या खिशातून होता कामा नये. अठरानंतर मात्र बिदागी ठरवूनच जायचं. नारळ आणि शाल मिळाली तर आनंदानं घ्यावी, पण ती बिदागी नव्हे.

लोक ऐकतील का, ही भीती सोडून द्या. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत दिवसभर बसून साहित्य संमेलनं ऐकणारी माणसं आपल्या भागात आहेत. मूल स्वतः उभं राहून दोन वाक्यं बोललं तर ती ऐकतात. मी प्रत्येक मुलाला ती वाक्यं मराठीत आणि कन्नडमध्ये पाठ करायला लावते, कारण आपल्या कुठल्याही मंडपात दोन्ही भाषांची माणसं असतात. "हा तुकडा बाखनं मुलांना शिकवण्यासाठी लिहिला, यात उजवा हात जे म्हणतो ते डावा हात मागून म्हणतो, ऐका." एवढं पुरे. चरित्र सांगत बसायचं नाही. शाळेत अपराइट असेल तर पुढची फळी काढून हातोड्या दाखवायच्या. मुलांना वाद्याच्या मागच्या लाकडाला तळवा लावून उभं करायचं आणि सगळ्यात खालचा सूर वाजवायचा. तळव्यात सूर आल्यावर मुलांचे चेहरे काय होतात ते तुमच्या लेकीला एकदा बघू द्या. ती घरी येऊन स्वतःहून रियाजाला बसेल, मी पाहिलं आहे. वृद्धाश्रमात मोठ्या आवाजाचं, झपाट्याचं काही नको. तिथं संथ तुकडे वाजवायचे, आणि वाजवून झाल्यावर लगेच निघायचं नाही, बसायचं.

प्रत्येक कार्यक्रमानंतर माझी मुलं एका वहीत तीन ओळी लिहितात: कुठं वाजवलं, स्टूल किती उंच होतं, कुठल्या जागी मन हललं. पाच ठिकाणी तीच जागा हलली तर तो दोष घबराटीचा नसतो, ती जागा पाठच नीट झालेली नसते. तेवढ्या चार ओळी मग वेगळ्या काढून, डावा हात एकटा, शेवटाकडून सुरुवातीकडं असं पाठ करून घ्यायचं. पाठांतर फक्त बोटांचं असेल तर ते दगा देतं. मूल पियानोशिवाय, डोळे मिटून, तो तुकडा सुरांची नावं घेत म्हणू शकलं पाहिजे. वडगावच्या त्या मुलाला मी हेही शिकवलं नव्हतं. तो नंतर परत आला, आज तो एका शाळेत संगीत शिकवतो आणि त्याची मुलं पहिल्या वर्षापासून लोकांपुढं बसतात.

पुढल्या वर्षी दहावी आहे. जानेवारीपर्यंत रोज अडीच तास, चाळीस-चाळीस मिनिटांचे तुकडे पाडून; त्यानंतर परीक्षा संपेपर्यंत एक तास, पण एकही दिवस खंड नको. मनगटात किंवा कोपरात दुखलं तर त्या दिवशी वाजवणं बंद, आणि दुसऱ्या दिवशीही दुखलं तर डॉक्टर. दुखण्यावर रेटून वाजवणं म्हणजे मेहनत असं तिला कुणी सांगितलं असेल तर ते खोडून काढा.

आणि आजींना माझा नमस्कार सांगा. एकादशीच्या भजनाला लेकीला त्यांच्याशेजारी बसू द्या. घरी मात्र आजींनीच तिच्याकडून एक करून घ्यावं: भाता उजव्या हातानं मारायचा आणि अभंगाची चाल डाव्या हातानं वाजवायची. पहिल्या दिवशी धड एक ओळ निघणार नाही. आजींनी गात राहावं, तिच्यासाठी थांबू नये.